बाळंतिणीचं मन आणि दहा प्रश्न

(छत्रपती संभाजीनगर येथे वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्या आणि आशाताई यांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून आपण अंगात रक्त कमी असणं, टाके, दूध, वजन असं शरीराचं बोलतोय. माझ्या वाट्याला मन आलंय, तेही जेवणानंतर. त्यामुळे कुणाला डुलकी लागली तर मी रागावणार नाही.

एका बाईपासून सुरुवात करते. शहराच्या कडेच्या एका वस्तीत मी बाळंतिणींना भेटत होते. हातात दहा प्रश्नांचा छापील कागद होता. ही बाई बावीस वर्षांची, दुसरी मुलगी झालेली, बाळ पंचवीस दिवसांचं. सासू दारातच सूप घेऊन गहू निवडत बसलेली. मी प्रश्न वाचत गेले, ती मान खाली घालून उत्तरं देत गेली. नाही. नाही. बरं आहे. आधीसारखंच आहे. मी बेरीज केली, पाच आली. तीसपैकी पाच म्हणजे काळजीचं कारण नाही. मी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि निघाले.

कोपऱ्यावरच्या नळाशी ती हंडा घेऊन माझ्या मागे आली. म्हणाली, "ताई, ते शेवटी इजा की काय विचारलं तुम्ही, ते मला कळलंच नाही. मला वाटलं टाके दुखतात का म्हणताय." मी मग साध्या भाषेत विचारलं, की जिवाचं बरंवाईट करावं असं कधी मनात येतं का गं? तिनं हंडा खाली ठेवला. "रोज येतं," म्हणाली. "पण या दोघींना कुणाजवळ ठेवू?"

कागदावर पाच गुण, आणि नळावर 'रोज येतं'. बाई तीच आणि मधे दहा मिनिटं. आज मला जे बोलायचं आहे ते या दहा मिनिटांबद्दल आहे.

हा कागद आला कुठून, ते आधी सांगते. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सॅगोव्हस्की या तिघांनी १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तो तयार केला. एडिंबरो शहराच्या नावानं तो जगभर ओळखला जातो. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारायचं. त्या आधीच्या प्रश्नावल्यांत थकवा, भूक, वजन, झोप असलं बरंच असायचं. नुकत्याच बाळंत झालेल्या कुठल्याही बाईला थकवा असतोच, मग सगळ्याच आजारी ठरायच्या. म्हणून या लोकांनी शरीराचे प्रश्न जवळजवळ काढूनच टाकले आणि मनाचे ठेवले. हा विचार चांगलाच होता, मी त्याची टिंगल करणार नाही. पण दोन गोष्टी डोक्यात ठेवा. पहिली चाचणी त्यांनी ८४ आयांवर घेतली, त्या सगळ्या तिथल्या. आणि कागद आईनं स्वतः वाचून, स्वतः पेन्सिलीनं खुणा करून भरायचा होता. मोठ्यानं वाचून दाखवायचा नव्हता, आणि सासूसमोर तर नव्हताच.

दुसरी एक प्रश्नावली सध्या फार चालते, नऊ प्रश्नांची, पीएचक्यू-९. ती २००१ मधली. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात गावागावांत नैराश्याचं काम झालं तेव्हा ती वापरली होती. गोव्यात गरोदर बायकांसाठी वस्तीतल्याच 'सखीं'नी जे काम केलं, तिथेही तीच. ती बाळंतिणींसाठी बनवलेली नाही. तिच्यात झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं हे सगळं आहे. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला 'थकवा वाटतो का' हे काय विचारायचं!

तिचाच छोटा भाग, पहिले दोन प्रश्न, इथे बसलेल्या आशाताईंच्या हातात आधीच आलेला आहे. मधुमेह-रक्तदाबाचा जो सीबॅक फॉर्म तुम्ही घरोघर भरता, त्याच्या शेवटच्या भागात ते दोन प्रश्न आहेत: कामात रस वाटत नाही का, उदास-निराश वाटतं का. पण तो फॉर्म तीस वर्षांपुढच्यांसाठी आहे. आपल्या बाळंतिणी विशीतल्या. म्हणजे सासूचं मन विचारायचं आणि सुनेचं नाही! आणि याच आशाताई बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जातात. बाळाचं वजन करतात, ताप बघतात. सहा वेळा त्या सुनेच्या खाटेशी बसतात. इतकी जवळ दुसरी कुठलीच सरकारी बाई पोचत नाही.

आता कुणी म्हणेल, हे नैराश्य-बिराश्य शिकलेल्या बायकांचं, आपल्या वस्तीत कुठे असतं. रानीताई बंग यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या तेव्हाही असंच म्हटलं जायचं. १९८९ साली तो अभ्यास छापून आला आणि कळलं की ९२ टक्के बायकांना अंगाचे, गर्भाशयाचे आजार होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या बायका होत्या ८ टक्के. विचारलंच नव्हतं म्हणून आजार नव्हता. मनाचंही तेच. देशातल्या ३८ अभ्यासांची, म्हणजे वीस हजारांवर बायकांची, एकत्र मोजदाद २०१७ मध्ये झाली. तिच्यात शंभरातल्या बावीस बाळंतिणी अशा निघाल्या. यातल्या बहुतेक अभ्यासांत आपला हा दहा प्रश्नांचाच कागद वापरला होता. तेव्हा कागद चुकला तर बावीस हा आकडाही चुकतो. वरही चुकू शकतो, खालीही.

फळ्यावर थोडा हिशेब करूया. घाबरू नका, बचत गटाच्या वहीपेक्षा सोपा आहे.

समजा आपल्या भागात दोनशे बाळंतिणी आहेत आणि त्यांतल्या वीस जणींना खरोखर नैराश्य आहे. हे कळलं कसं? एखाद्या जाणत्या डॉक्टरनं प्रत्येकीशी तासभर बोलून ठरवलं, आणि त्या डॉक्टरला कागदावरचे गुण दाखवले नव्हते. प्रश्नावली पारखायची रीत हीच. दोघींनी एकमेकींची उत्तरं बघायची नाहीत, मग शेवटी ताडून पाहायचं. २०२० साली जगभरातल्या ५८ अभ्यासांतल्या पंधरा हजारांवर बायकांची माहिती एकत्र करून असं ताडून पाहिलं गेलं. अकरा किंवा जास्त गुण मिळाले की 'पुढे तपासा' असं धरलं, तर शंभर आजारी बायकांतल्या ८१ सापडतात आणि शंभर निरोगी बायकांतल्या १२ उगाच अडकतात. आपल्या दोनशेत बसवा: वीसपैकी सोळा सापडल्या, चार सुटल्या. उरलेल्या एकशेऐंशी धडधाकट बायकांतल्या बावीसेक जणींवर उगाच शिक्का बसला. म्हणजे ज्यांना बोलवाल त्यांत निम्म्याहून जास्त ठीकच असतील!

बरं, मग रेघ वर नेऊ, तेरा गुणांवर. आता उगाच अडकलेल्या नऊच. पण सापडल्या तेरा, आणि सात सुटल्या.

रेघ कुठे मारायची हा प्रश्न वैद्यकाचा वाटतो, पण अर्धा आपला आहे. तुमच्याकडे पुढे बोलायला, बसायला माणसं असतील तर रेघ खाली ठेवा, चार जास्त आल्या तरी चालतील. पुढे कुणीच नसेल तर खालची रेघ म्हणजे नुसते शिक्के. गोव्यात कोकणीत हा कागद वापरला तेव्हा तिथल्या बायकांवर पारखून रेघ वेगळी ठरवली होती. स्कॉटलंडची रेघ जशीच्या तशी उचलली नव्हती. मराठीत छापलाय म्हणजे मराठी झाला असं नाही. एवढंच कशाला, पुण्याच्या मराठीत केलेला कागद सिल्लोड-सोयगावच्या बाईला कळेल याची खात्री कोण देणार?

भाषेवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण गंमतही तिथेच आहे आणि घातही.

त्या कागदात एक प्रश्न असा आहे, की सगळं तुझ्या आवाक्याबाहेर चाललंय का, कामाखाली दबून गेल्यासारखं वाटतं का. इंग्रजीत त्याला एक वाक्प्रचार आहे, तो शब्दशः आणला तर हसं होतं. आम्ही एका बैठकीत हौसेनं भाषांतर केलं: 'सगळं अंगावर येतं असं वाटतं का?' आम्हाला वाटलं, छान जमलं. समोरची बाळंतीण म्हणाली, "अंगावरच पितंय की बाळ, वरचं दूध नाही लावलं अजून." दुसरी हळूच म्हणाली की अंगावरून जातंय थोडं, पांढरं. म्हाताऱ्या आजींना वाटलं, अंगात येतं का विचारतायत, त्या म्हणाल्या आमच्या घरात नाही कुणाला येत. एका शब्दाची तीन उत्तरं, आणि तिन्ही खरी! शेवटी एका बाईनंच शब्द दिला: 'झेपेनासं झालंय का?' सगळ्यांना कळला.

हसण्याचा प्रश्न घ्या. पहिल्यासारखं हसू येतं का, गमतीची बाजू दिसते का. "कुणासमोर?" असं एकीनं विचारलं. माहेरी आईजवळ हसता येतं, सासरी आत्याबाईंसमोर नुकती बाळंत झालेली सून खिदळली तर काय म्हणतील? न हसणं हा तिथे आजार नाही, वळण आहे.

स्वतःला दोष देण्याचा प्रश्न सगळ्यांत फसवा. 'काही बिघडलं तर विनाकारण स्वतःला दोष देतेस का?' विनाकारण! जिला तिसरी मुलगी झालीय आणि घरादारानं जिच्या मनावर ठसवलंय की चूक तुझीच, ती म्हणते नाही बाई, विनाकारण नाही देत. तिच्या मते कारण आहे ना. म्हणजे अपराधानं सगळ्यात जास्त खचलेल्या बाईला शून्य गुण. मला हे कळलं तेव्हा जुने कागद काढून पुन्हा वाचावेसे वाटले.

झोपेचा प्रश्न विचारताना 'बाळ झोपल्यावरसुद्धा तुला झोप लागत नाही का' असं म्हणावं लागतं, नाहीतर बाळाच्या जागरणाचे गुण आईच्या मनाच्या खात्यात पडतात. आणि दहावा तर तुम्ही ऐकलाच. 'इजा' हा शब्द आपल्यासाठी सोपा, तिच्यासाठी टाक्यांचा. 'नैराश्य' हाही वर्तमानपत्राचा शब्द. बायका म्हणतात मन लागत नाही, जीव घाबरा होतो, डोकं भरून येतं, टेन्शन आहे. टेन्शन हा शब्द आता मराठीच समजा.

आणखी एक अडचण उत्तरांची. चार पर्याय वाचून दाखवले की ऐकणारीला शेवटचाच लक्षात राहतो. आम्ही चार वाट्या मांडल्या, रिकामी, पाव, अर्धी, भरलेली, आणि सांगितलं बोट ठेव. बोलायचं नाही, म्हणजे दारातल्या माणसाला ऐकूही जात नाही. बायकांना हे आवडलं. पण प्रामाणिकपणे सांगते, शब्द बदलले, वाट्या आणल्या, की तो मूळ कागद राहिला नाही. त्याची रेघ पुन्हा शोधायला हवी. ते काम मानसोपचार जाणणाऱ्यांना बरोबर घेऊनच होईल. आपल्या मनानं अकरा-बारा ठरवून चालणार नाही. आणि बेरीज करताना जपा: पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे गुण एका दिशेनं जातात, बाकीच्यांचे उलट. घाईत उलटसुलट झालं की आनंदी बाई आजारी आणि आजारी बाई आनंदी.

कधी विचारायचं, हेही आपल्या रीतींप्रमाणे ठरवावं लागेल. दवाखान्यातून सोडताना विचारू नका. तिसऱ्या-पाचव्या दिवशी पुष्कळ बायकांना उगाच रडू येतं, ते पंधरवड्यात आपोआप निवळतं. दीड महिन्याच्या लसीला विचारलं तर सोयीचं पडतं, पुस्तकंही तेच सांगतात. पण आपल्याकडे पहिलटकरीण तेव्हा माहेरी असते. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आईचा हात. तिचं खरं कळायचं ते सासरी परत गेल्यावर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, जेव्हा सहा भेटी संपलेल्या असतात. ऊसतोडीच्या घरातली तर तोपर्यंत कोपीवर पोचलेली असते. आणि मागेही जावं लागेल. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर बायकांचा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के जणींना नैराश्य होतं. त्या जणींपैकी ७८ टक्के आधीच, पोटात बाळ असतानाच, मनानं त्रासलेल्या होत्या. निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही तशाच. मग 'बाळंतपणानंतरचं' हे नावच थोडं खोटं नाही का?

त्याच अभ्यासानं कारणंही मोजली. पैशाची ओढ, नवऱ्याशी बिनसलेलं, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगी झाली की या सगळ्याला चढलेली धार. तमिळनाडूत वेल्लोरजवळच्या खेड्यांतही मुलगा हवा असताना मुलगी होणं, सासूशी बेबनाव, मदतीला कुणी नसणं हेच निघालं. आता कागद पुन्हा उघडून बघा. दहा प्रश्नांत मार कुठे आहे? मुलगी कुठे आहे? नाहीत. कागद फक्त विचारतो तुला काय वाटतं. तुझ्याशी कोण कसं वागतं ते विचारत नाही. यावर आपल्यातल्या काही जणी म्हणतात की मग फेकून द्या हा कागद, बाईच्या दुःखाला आजार ठरवण्याचं हत्यार आहे. मीही बरीच वर्षं असंच बोलत होते. नळावरच्या त्या बाईनंतर नाही बोलत. मार थांबेपर्यंत तिनं विहिरीकडे बघत बसायचं का? आणि पुष्कळ जणींना मार नसतो, नवरा बरा असतो, तरी मन बुडतं. त्यांना आपण काय सांगणार, तुमचं दुःख आमच्या मांडणीत बसत नाही म्हणून?

तेव्हा कागद ठेवायचा, आणि त्याच्याशेजारी आपला एक प्रश्न ठेवायचा, घरात कुणी हात उचलतं का, भीती वाटते का. तो एकांतातच विचारायचा. एकांत नसेल तर त्या दिवशी दोन्ही विचारायचे नाहीत, बाळाचं वजन करून यायचं.

कागद कुणाच्या हाती पडतो, हेही बघा. हिंदू विवाह कायद्याच्या १३ व्या कलमात जोडीदाराचा मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. दहा प्रश्नांच्या बेरजेनं कोर्टात ते सिद्ध होत नाही, पण धमकी द्यायला सिद्ध कुठे व्हावं लागतं? 'डॉक्टरच्या कागदावर आहे, तू वेडी आहेस, पोर आमच्याकडे ठेव' एवढं पुरतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. तो वस्तीत आपल्यालाच पाळायचा आहे. नाव आणि गुण एकाच कागदावर लिहू नका. बाळाच्या लसीच्या कार्डावर तर अजिबात नाही, ते सगळं घर बघतं. जीव द्यावासा वाटतो असं बोललं तर पोलीस येतील अशीही भीती असते. त्याच कायद्याच्या ११५ व्या कलमात तसा प्रयत्न केलेल्या माणसाला ताणाखाली आहे असं मानायचं, शिक्षा करायची नाही, असं आहे. हे बाईला तोंडी सांगा.

सकाळी एका आशाताईनं मला गाठून विचारलं, "आणि ती हो म्हणाली तर? संध्याकाळी सात वाजता, मी एकटी, मी काय करू?" प्रश्नावलीवरच्या सगळ्या चर्चेत हाच प्रश्न मला सर्वांत खरा वाटतो. दहाव्या प्रश्नाला हो आलं तर बेरीज करायची नाही. एकूण चार असोत की चोवीस. तिला एकटं सोडायचं नाही, तिच्या विश्वासाचं माणूस कोण ते तिलाच विचारून बोलवायचं, शेतातली औषधं, रॉकेल, गोळ्या हाताशी राहणार नाहीत हे बघायचं. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, रात्रीसुद्धा, मराठीत बोलता येतं. घाटीत मानसोपचार विभाग आहे, आपल्यातली एक जण बरोबर जाईल. आणि बाई असंबद्ध बोलते, कानात आवाज येतात म्हणते, दोन-दोन रात्री झोपत नाही, बाळाबद्दल भलतंच बोलते, तर ते वेगळं आणि तातडीचं आहे. हजारात एक-दोघींना होतं. बाहेरचं म्हणून देवऋष्याकडे नेण्यात दिवस घालवू नका, त्याच रात्री दवाखाना.

बाकीच्या 'हो'साठी डॉक्टरच लागतो असं नाही. झारखंड-ओडिशात 'एकजूट' संस्थेनं बायकांचे गट महिन्याच्या महिन्याला बसवले, बाळंतपणाच्या अडचणींवर त्यांनीच उपाय शोधायचे. २०१० मध्ये निकाल आला. नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले, आणि तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम तीव्रतेचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी. तिथे नैराश्यावर औषध कुणी दिलं नव्हतं. बायका एकत्र बसत होत्या. ते आपल्याला येतं, नाही का?

नळावरची बाई, तुम्ही विचारणारच म्हणून सांगते. चार दिवसांनी बाळाच्या वजनाचं निमित्त करून गेले. पुढे औषधही लागलं, आणि दोन महिने माहेरी राहणंही. सासूला समजावायला माझ्यापेक्षा शेजारच्या काकूंचा उपयोग जास्त झाला.

आता कागद वाटते. तिघी-तिघींचे गट करा. एक बाळंतीण, एक विचारणारी, आणि एकीनं सासू व्हायचं. सासू झालेलीनं दारात बसायचं आणि काही केलं तरी उठायचं नाही. विचारणारीनं तिला न दुखावता उठवून दाखवायचं. वीस मिनिटं आहेत. चला.